वॉरंट नसताना पोलीस घरात कधी शिरू शकतात? कोंडून ठेवलेल्या शेजाऱ्यासाठी आणि माझ्या आईसाठी विचारते आहे

प्रश्न (दुसरा_मजला):

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक जोडपे आणि त्या गृहस्थांचा धाकटा भाऊ असे तिघे राहतात. भाऊ पंचेचाळिशीचा असेल. पूर्वी तो एका छापखान्यात कामाला जात असे. पुढे त्याला मानसिक आजार झाला, काम सुटले आणि गेल्या दिवाळीपासून तो कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. त्याच्या खोलीची खिडकी मागच्या चौकाकडे उघडते. तिला प्लायवूड ठोकलेले आहे, ते आमच्या मोरीच्या खिडकीतून स्पष्ट दिसते. रात्री फरशीवर स्टीलचे भांडे आपटल्याचा आवाज येतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. त्यांच्याकडे पूर्वी धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी सांगितले की त्या खोलीला बाहेरून कुलूप असते आणि जेवणाचे ताट दिवसातून एकदाच आत सरकवले जाते.

मी ११२ वर फोन केला. दोन पोलीस आले. दारातच त्याच्या वहिनींनी त्यांना सांगितले की हा घरातला प्रश्न आहे आणि औषधे चालू आहेत. "वॉरंट असल्याशिवाय आम्हाला उंबरठा ओलांडता येत नाही," असे मला सांगून ते निघून गेले.

त्यानंतर बाराव्या दिवशी रात्री सव्वाअकराच्या सुमारास चार पोलीस आमच्या घरी आले. मी रात्रपाळीला होते आणि घरी फक्त माझी ७८ वर्षांची आई होती. तिला स्मृतिभ्रंश आहे. ते माझ्या भाच्याला शोधत होते, जो आमच्याकडे राहतच नाही. आईने दार उघडताच ते आत शिरले, कपाटे उघडली, दिवाणातले सामान उपसले आणि "कुठे लपवला आहे ते सांगा," असे तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्यांनी कोणताही कागद दाखवला नाही, पंच आणले नाहीत आणि बरोबर महिला पोलीसही नव्हती. आईला वाटले की ते माझ्या वडिलांना न्यायला आले आहेत. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. पहाटे मी परतले तेव्हा ती दोन्ही चपला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. तेव्हापासून दारावरची घंटा वाजली की ती मोरीत जाऊन आतून कडी लावून घेते.

जो कायदा चौथ्या मजल्यावर पोलिसांना अडवतो, तो दुसऱ्या मजल्यावर त्यांना का अडवत नाही? आणि त्या माणसासाठी मी आता नेमके काय करावे?

काळा_कोट:

ताई, मी १९ वर्षे फौजदारी न्यायालयांत वकिली करते आहे आणि तुम्ही विचारलेला पहिला प्रश्न न्यायालयात विचारला जावा असाच आहे. उत्तर थोडे लांबेल, पण दोन्ही प्रकरणांचे धागे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे ते एकत्रच सोडवावे लागतील.

आधी चौथा मजला. "वॉरंटशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही" हे त्या पोलिसांचे विधान अर्धवट खरे आहे. माणसाला कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. साध्या प्रकारात शिक्षा एक वर्षापर्यंत आहे, तीन दिवस किंवा अधिक कोंडले तर तीन वर्षांपर्यंत आणि दहा दिवस किंवा अधिक कोंडले तर पाच वर्षांपर्यंत. तुम्ही दिवाळीपासूनचे सांगत आहात, म्हणजे प्रकरण सर्वांत कडक पोटकलमात जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे.

दुसरा आणि अधिक नेमका मार्ग मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याची कलमे १०० आणि १०१ शेजारी शेजारी ठेवून वाचा. कलम १०० मध्ये दोन भाग आहेत: रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे ठाणे प्रमुखाचे कर्तव्य आहे, आणि हद्दीतील कोणतीही व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरत असेल तर तिलाही. घरात राहणाऱ्या, पण छळल्या जाणाऱ्या किंवा हेळसांड होणाऱ्या मनोरुग्णासाठी स्वतंत्र कलम १०१ आहे. तसे मानण्यास कारण असेल तर ठाणे प्रमुखाने ही गोष्ट तत्काळ दंडाधिकाऱ्यांना कळवलीच पाहिजे. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम तुमच्या-माझ्यासाठी आहे: जबाबदार नातेवाईक मनोरुग्णाला छळतो किंवा त्याची हेळसांड करतो असे मानण्यास कारण असलेल्या कोणाही व्यक्तीने ते पोलिसांना कळवावे. त्यानंतर दंडाधिकारी त्या व्यक्तीला आपल्यासमोर हजर करायला लावू शकतात आणि कलम १०२ खाली तिला सार्वजनिक मानसिक आरोग्य संस्थेत नेण्याचा किंवा तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. म्हणजे दार बंद असेल तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांकडे जावे, अशी व्यवस्था कायद्याने आखली आहे. तुमच्याकडे आलेले पोलीस घरी परत गेले, दंडाधिकाऱ्यांकडे गेले नाहीत. चूक तिथे झाली.

आणखी दोन दारे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी बेकायदा कोंडलेल्या व्यक्तीच्या शोधासाठी वॉरंट काढू शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ९७ होते. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ७ आहे. दीर्घकाळचा मानसिक आजार हे त्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्व असते, त्यामुळे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतो आणि त्यांनी सुटकेची पावले तातडीने उचलायची असतात. ताबा असलेल्या व्यक्तीने जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारले तर कलम ९२ खाली किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे शिक्षा आहे. दिवसातून एकदाच सरकवले जाणारे ताट या कलमासाठी लक्षात ठेवा.

आता दुसरा मजला. अटक करण्याचा अधिकार असलेल्या पोलिसाला, ज्याला अटक करायची आहे तो विशिष्ट घरात आहे असे मानण्यास कारण असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ खाली वॉरंटशिवायही प्रवेश मिळतो. मात्र त्याआधी प्रवेश मागावा लागतो. तुमच्या भाच्यावर अटक करण्याजोगा आरोप होता का, की त्याची केवळ चौकशी करायची होती, हे आधी शोधा. चौकशीसाठी बोलावायचे असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश काढावा लागतो. त्यासाठी घर उपसता येत नाही. वस्तू शोधायची असेल तर कलम १८५ आहे. त्यात अधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे आधी लेखी नोंदवायची असतात, झडतीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे असते आणि नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांना पाठवायची असते. झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. या नोंदींची मागणी लेखी करा. त्या नसतील तर तुमची बाजू तिथेच भक्कम होते.

रात्री-अपरात्री घरात डोकावण्याचा प्रश्न जुना आहे. उत्तर प्रदेशच्या पोलीस नियमावलीतील रात्रीच्या गृहभेटींची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने खडक सिंग प्रकरणात डिसेंबर १९६२ मध्येच रद्द केली होती. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तर खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. आपल्या राज्यात मात्र सर्वांत उपयोगी हत्यार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १४७ आहे: कायदेशीर अधिकाराशिवाय किंवा वाजवी कारणाशिवाय घरात शिरणाऱ्या किंवा झडती घेणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम १६१ मुळे अशा तक्रारीला साधारण सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर करू नका. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग हे मार्ग वेगळे आहेतच. इमारतीच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मात्र आजच जपून ठेवायला सांगा, कारण बहुतेक यंत्रांवर ते काही दिवसांतच पुसले जाते.

आणि हे तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण मनापासून सांगते. ज्या कलम ४४ च्या आधाराने ते तुमच्या घरात शिरले असे उद्या म्हणतील, तेच कलम त्यांना चौथ्या मजल्यावरही उपलब्ध होते, कारण तिथे दखलपात्र गुन्हा करणारी माणसे त्यांच्यासमोर दारात उभी होती.

निवृत्त_फौजदार:

वकीलताईंचे म्हणणे कायद्याला धरून आहे. मी ठाण्यातली बाजू मांडतो, ती बचाव म्हणून घेऊ नये.

११२ वर आलेला अंमलदार बहुधा हवालदार किंवा शिपाई असतो. आत गेला आणि आतले चित्र वेगळे निघाले, तर घुसखोरीचा आरोप त्याच्यावर येतो. परत गेला आणि काही बरे-वाईट झाले, तर "नातेवाइकांनी अडवले" एवढे लिहून तो सुटतो. म्हणून तो परत जातो. अटकेच्या कामात वरिष्ठांचा आदेश पाठीशी असतो, त्यामुळे तीच माणसे तिथे दार ढकलतात. तुम्हाला जो फरक दिसला तो इथून येतो.

एकटे राहणारे वृद्ध दार उघडत नाहीत तेव्हा आम्ही अग्निशमन दलाला बोलावतो, सोसायटीच्या चिटणीसांना आणि एका शेजाऱ्याला उभे करतो, दार तोडतो आणि पंचनामा करतो. तिथे वॉरंटचे नाव कोणी काढत नाही आणि काढूही नये. प्राण वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला न्याय संहितेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. जुन्या दंड संहितेच्या ८१ कलमातले उदाहरणच मुळी आग पसरू नये म्हणून घरे पाडणाऱ्या माणसाचे होते. त्यामुळे पुन्हा फोन करावा लागला तर "शेजारी त्रास देतात" असे मोघम बोलू नका. "माणूस कुलपात आहे, आवाज येत होता तो आता थांबला आहे, जिवाला धोका आहे" असे जे खरे असेल ते शब्दशः सांगा आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकानंतर परत जाणे सोपे राहत नाही.

एक गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या गावी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एका बाईला बांधून ठेवल्याची बातमी पोलीस पाटलांनी दिली होती. मी त्या दारावर दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिच्या दिरांनी मला चहा दिला आणि मी ओसरीवरूनच परतलो. दाराच्या फटीखालून राखेसारखी पांढरी पावडर टाकलेली दिसत होती. ती वासासाठी टाकलेली डीडीटी होती, हे मला नंतर कळले. तिसऱ्या वेळी मी पंचनामा करायलाच गेलो. तेव्हा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू होता आणि त्याच्या २५ व्या कलमात अशा व्यक्तीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची तरतूद होती. ते कलम मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी वाचले.

लीड्सची_काकू:

मी इंग्लंडमध्ये समाजसेविका आहे, म्हणून केवळ तुलनेसाठी लिहिते. इथे १९८४ च्या पोलीस कायद्याच्या कलम १७ मध्ये "जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी" वॉरंटशिवाय घरात शिरण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. पण नुसती "काळजी वाटली" एवढ्यावर तो वापरता येत नाही, असे उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. घरातल्या मनोरुग्णाची हेळसांड होत असेल तर १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १३५ खाली दंडाधिकाऱ्यांचे वॉरंट लागते. ते टाळून दुसऱ्या कायद्याच्या आडून एका स्त्रीला घरातून नेल्याची कारवाई २०११ मध्ये बेकायदा ठरली. वॉरंट बजावताना पोलिसांबरोबर मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक आणि डॉक्टर असावे लागतात. तो नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दार उघडल्यावर समोर पहिला चेहरा कोणाचा असतो यावर पुढचे पुष्कळ ठरते.

धाकटी_बहीण:

मी २२ वर्षे स्किझोफ्रेनिया असलेल्या माझ्या मोठ्या भावाला सांभाळते आहे. त्यामुळे वरचे सर्व वाचताना मी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी आहे असे वाटत होते.

तक्रार जरूर करा. कुलूप लावणे हा उपचार नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जागेवरून हलू शकले नाहीत. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे. पण हेही ऐका: एका रात्री माझ्या भावाला आवरेना म्हणून मीच पोलिसांना बोलावले होते. गणवेशातले तिघे एकदम खोलीत शिरले. ज्याला वर्षानुवर्षे "ते मला न्यायला येणार आहेत" असे वाटत होते, त्याच्यापुढे ते खरोखरच येऊन उभे राहिले. त्यानंतर त्याने माझ्या हातून गोळी घ्यायला पाच महिने लावले. तुमच्या आईंचे मोरीत जाऊन कडी लावणे वाचले तेव्हा मला तोच काळ आठवला.

म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की जाताना मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालयाचे पथक बरोबर असावे, पोलिसांनी शक्यतो साध्या वेशात जावे, दिवसा जावे आणि एका वेळी एकाच माणसाने बोलावे. त्याला कोठडीत ठेवता येणार नाही, हेही लिहा. त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० मध्ये तशी सक्त मनाई आहे.

आणि जमले तर एकदा त्या वहिनींशी एकट्याने बोला. त्यांना दोषमुक्त करा असे मी म्हणत नाही. पण अनेक घरांत कुलूप पहिल्यांदा लागते ते पगाराचा दिवस बुडू नये म्हणून, आणि मग ते कुलूप घराची सवय होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यांना कोणी दिला आहे का, विचारा.

दुसरा_मजला:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

चौथ्या मजल्याबद्दल मी कलम १०१(२) चा उल्लेख करून लेखी अर्ज दिला. पोच मागितली तेव्हा ठाणे अंमलदारांनी आधी नकार दिला. मी फौजदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे डायरीचा क्रमांक मागितला तेव्हा त्यांनी शिक्का मारला. एक प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आणि एक प्रांत कार्यालयात दिली. त्याआधी मी वहिनींना भेटले. त्या रडल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत; "तुम्ही करा, आमच्याने होत नाही," एवढेच म्हणाल्या. नवव्या दिवशी आदेश झाला. सकाळी अकराला डॉक्टर, एक परिचारिका आणि साध्या वेशातले दोन पोलीस आले. कुलूप वहिनींनीच उघडले. त्याचे वजन फार कमी झाले आहे आणि डोळ्यांना उजेड सहन होत नाही, म्हणून परिचारिकेने जिना उतरताना त्याच्या डोक्यावर स्वतःची ओढणी धरली होती. सध्या तो तपासणीसाठी दाखल आहे. दहा दिवसांनंतर त्याला कुठे ठेवायचे, हे अजून ठरलेले नाही.

आईच्या प्रकरणात चित्रीकरण मिळाले आहे. त्यात चौघे दिसतात, चौघांच्याही हातात कागद दिसत नाही. वरिष्ठांना दिलेल्या अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही. भाच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, असे त्याच्या वकिलांनी कळवले आहे. वकीलताई, सहा महिने घटनेच्या दिवसापासून मोजायचे की माझ्या अर्जाच्या तारखेपासून?

काळा_कोट:

घटनेच्या दिवसापासून. चित्रीकरणाची प्रत करताना मूळ यंत्र तसेच ठेवा आणि ती प्रत काढणाऱ्या माणसाकडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लिहून घ्या. आईंची साक्ष होऊ शकणार नाही असे समजूनच आपण तयारी करू. त्यांना त्या रात्रीबद्दल कोणी पुन्हा काही विचारू नये.